शंभरपैकी एकेचाळीस

नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी सरांकडे गेलो. पेढे बाबांनी स्वतः केलेले होते. सरांनी एक उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश खाल्ला आणि म्हणाले, "त्रेचाळीस."

मला कळेना. "काय, सर?"

"शंभरपैकी. मावा चांगला भाजलाय, त्याचे मार्क दिलेत. साखर जास्त झालीय. वेलची नावाला आहे. पण फेल नाही, घाबरू नको." मग दुसरा पेढा उचलून खाल्ला. "हा पण त्रेचाळीस. म्हणजे हात पक्का आहे. बाबांना सांग."

बाबांना मी फक्त 'हात पक्का आहे' एवढंच सांगितलं.

बाबा उज्जैनकडच्या आगर गावात लग्नाकार्यांत आचारी होते. आमच्या घरात बी.कॉम.पर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि उज्जैनला माधव नगरात भाड्याची खोली घेऊन राहणाराही पहिलाच. खालच्या मजल्यावर सर राहत. सरकारी शाळेतून गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले, पत्नी फार पूर्वी वारलेली, घरात एकटे. माझ्यासारख्याला असा शिकलेला घरमालक मिळणं हे नशीबच, असं मी समजत होतो. राहायला गेलो त्याच्या पुढच्या सोमवारी माझ्या दारावर जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा डकवलेला होता. त्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'खोली ३६. अंथरूण घडी नाही.' मी हादरलो. दर सोमवारी हादरायचं असतं हे नंतर कळलं.

सर सगळ्याला मार्क देत. टावर चौकातल्या पोह्यांना, न्हाव्याच्या हाताला, शेजारच्या लग्नातल्या मंगलाष्टकांना. एकदा कॉलनीतल्या एका गृहस्थांच्या तेराव्याला आम्ही गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी बावन्न. उच्चार स्वच्छ आहेत, पण घाई करतायत." शेजारचे दोघं वळून बघायला लागले. मला जमिनीत जावंसं वाटलं. स्वतःलाही ते सोडत नसत. सकाळी आरशासमोर दाढी झाली की बाहेर येऊन सांगायचे, "आजची पंचावन्न. हनुवटीखाली राहिलीय."

एक मात्र होतं. एकट्या वस्तूला मार्क देणं त्यांना फारसं पसंत नव्हतं. "जोडी लागते रे," म्हणायचे. "एकच पोहेवाला असता तर तो चांगला की वाईट, पता कसं चालणार? दुसरा आला की पहिला समजतो." त्या वर्षांत गावात सगळ्याचीच जोडी यायला लागली होती. पूर्वी एकच टी.व्ही. चॅनल होतं, आता केबलवाले घरोघर तारा ओढत होते. थंड पेयांच्या बाटल्या दोन-दोन कंपन्यांच्या, स्कूटरी चार प्रकारच्या. बाकीचे निवृत्त लोक कट्ट्यावर बसून याला नावं ठेवायचे. सर खूश होते. "आत्ता कुठे परीक्षेला दोन विद्यार्थी बसले," म्हणायचे.

त्यांनी कोणाचा एक मार्कही वाढवला नव्हता, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तेही दाढीसारखंच सहज सांगितलं. त्यांचा सख्खा भाचा त्यांच्याच वर्गात होता. बत्तीस मिळाले. तेहेतीसला पास. बहीण रडत आली, "दादा, एक मार्क." सरांनी पेपर पुन्हा तपासला, बेरीज पुन्हा केली, बत्तीसच आली. बहीण त्यानंतर भाऊबीजेला आली नाही.

"कधीच?" मी विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

"एका मार्कासाठी, सर?"

ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मीच काही भयंकर बोललो. "मार्क माझे असतात का? त्याचे असतात. मी माझ्या पदरचे घालणारा कोण?"

मी जिथं नोकरीला लागलो ते एक पार्क होतं. इंदूर रस्त्यावर, नानाखेड्याच्या बसस्टँडपासून टेम्पोनं पुढे गेलं की शेतांच्या मधोमध एकदम एक भला मोठा पाळणा दिसायचा. बाहेरच्या देशातून आणलेलं यंत्र. शिवाय पाण्याची घसरगुंडी, गोल फिरणाऱ्या मोटारी, उलटं-पालटं करणारी नाव. मालक सोयाबीन तेलातले एक सेठजी. मी सुपरवायझर. सहा महिने कच्ची नोकरी, काम पसंत पडलं तर पक्की. त्या भरवशावर बाबांनी भट्टीचं काम सोडलं होतं. धुरानं त्यांची छाती भरून यायची. डॉक्टरांनी भट्टीजवळ उभंही राहू नका म्हणून सांगितलं होतं. ते आचारीपण सोडू शकले ते माझ्या नोकरीमुळे, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. हे दोन्ही मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं.

आणि लोक आमच्याकडे येत नव्हते. म्हणजे एकदा यायचे, तोंडात बोट घालून सगळं बघायचे आणि परत फिरकायचे नाहीत. ते जायचे देवास रस्त्यावरच्या दुसऱ्या पार्कमध्ये. तिथं एक जुना लाकडी पाळणा होता, रंग उडालेली छोटी आगगाडी होती आणि एका हौदात बदकं.

"वहाँ है क्या?" सेठजी मला ऑफिसात बोलावून विचारायचे. "खटारा रेल और दो बतख! और मैंने यहाँ जर्मनी की मशीन लगाई है! तू पढ़ा-लिखा है, पता कर, क्या बात है."

मी म्हणालो, माझे घरमालक गणिताचे मास्तर आहेत, कशाचीही तुलना करून मार्क देतात, तेही एकदम निष्पक्ष. सेठजींना कल्पना फार आवडली. "मास्टरजी का सर्टिफ़िकेट! आधा उज्जैन उनसे पढ़ा है. बढ़िया." आणि मी दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाले, "तेरे छह महीने भी पूरे हो रहे हैं ना? अच्छी रिपोर्ट ला."

सरांनी चार रविवार घेतले. दोन आमच्या पार्कला, दोन त्या पार्कला. शाळेच्या खेळांसाठी वापरायचे ते स्टॉपवॉच गळ्यात, कागद पुठ्ठ्याला लावलेले, लाल पेन्सिल कानावर. मला वाटलं होतं ते पाळण्यांत बसतील. ते एकाही पाळण्यात बसले नाहीत. मला बसवायचे आणि स्वतः खाली उभे राहायचे. पाळण्याकडे पाठ करून! मी वर गरगरतोय आणि ज्यांनी मार्क द्यायचे ते यंत्राकडे बघतसुद्धा नाहीत, हे वरून दिसल्यावर माझं डोकं फिरायची वेळ आली. खाली उतरल्यावर मी म्हणालो, "सर, यंत्र बघा ना. जर्मनीचं आहे."

"बघितलं. झुल्यांना वीसपैकी सतरा दिलेत. वर तुला काय वाटलं?"

"भीती वाटली."

"मग खाली बघितलंस?"

"बघितलं."

"कोण दिसलं?"

मी आठवून पाहिलं. आमच्या पार्कमध्ये पाळण्यापासून पन्नास पावलांवर पिवळी रेघ होती. 'पीछे हटो' म्हणत आमचे गार्ड सगळ्यांना रेघेमागे ठेवायचे. रेघेमागे ऊन. बसायला काही नाही. म्हाताऱ्या माणसांना आत यायलाही पूर्ण तिकीट, म्हणून ती फाटकाबाहेर चपला काढून मातीत बसून असायची. "कोणी नाही दिसलं," मी म्हणालो.

सरांनी कानावरची पेन्सिल काढून काहीतरी लिहिलं.

पुढच्या रविवारी देवास रस्त्याच्या पार्कात मी त्या लाकडी पाळण्यात बसलो. तो करकरत वर गेला. खाली एक मोठं कडुनिंबाचं झाड होतं, त्याभोवती फरशीचा पार, आणि पारावर आज्या, मावश्या, डबे, पाण्याचे माठ. पाळणा खाली आला की पारावरून हात वर व्हायचे. पुन्हा खाली आला की पुन्हा हात. एका लाल लुगड्यातल्या आजीनं तर आपला कोणी समजून मलाच हात केला. मी गोंधळून हात हलवला. तिला चूक कळली, तरी पुढच्या फेरीला तिनं पुन्हा हात केला. आता आमची ओळख झाली होती ना!

खाली आलो तेव्हा सर पाठमोरेच होते. "सात वेळा," म्हणाले. "तू किती वेळा?"

"काय सर?"

"हात." मग ते पारावर टेकले आणि मला समजावून सांगायला लागले, वर्गात सांगत असतील तसं. "वर गेलं की प्रत्येकाला भीती वाटते. भीती वाटली की तो खाली आपलं माणूस शोधतो. सापडलं तर मजा. नाही सापडलं तर नुसतं यंत्र. सेठजींनी यंत्र आणलं, खालची माणसं रेघेमागे ठेवली. पार्कमध्ये वर बसणारे किती असतात? थोडे. उभे राहणारेच जास्त. त्यांची काय सोय?"

"तुम्ही का नाही बसत, सर?"

"मी वर गेलो तर खाली कोण?" त्यांनी सहज म्हटलं आणि पेन्सिल कानावर ठेवली.

गुणपत्रिका तयार झाली. पाच विषय, प्रत्येकी वीस. आमचं पार्क: झुले सतरा, स्वच्छता अकरा, पिण्याचं पाणी सहा, सावली आणि बैठक चार, खाली उभी राहणारी माणसं तीन. एकूण एकेचाळीस. समोरच्याला सत्तावन्न. मी तो कागद हातात धरून उभा राहिलो.

"सर, हे सेठजींना कसं दाखवू?"

"जसं आहे तसं. एकेचाळीसला पास आहे. तुझ्या बाबांचा पेढा त्यांच्यापेक्षा दोन मार्कांनी पुढे आहे, पण ते नको सांगूस."

"सर, माझी नोकरी कच्ची आहे. बाबांनी भट्टी सोडलीय. थोडे जर..."

"थोडे काय?"

सर क्षणभर विचारात पडले, आणि मला वाटलं, आता माणूस विरघळला. ते म्हणाले, "असं कर. तुझे मार्क मी वेगळ्या कागदावर लिहून देतो. तू चांगलं काम करतोस. अडुसष्ट."

टावर चौकात टायपिंगची दुकानं होती. मी कागद टाईप करायला दिला. टाईपवाले वयस्क गृहस्थ चष्म्यातून वाचत वाचत बोटं चालवत होते. चौथ्या ओळीला आले तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "वो चौदह है."

"काग़ज़ पे तो चार लिखा है, भैया."

"एक छूट गया है. नीचे भी तेरह है."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे. "तो टोटल भी इकसठ करूँ?"

"हाँ."

एवढंच झालं. दोन ठिकाणी एक-एक आकडा पुढे बसला. मूळ कागद मी घडी घालून ट्रंकेत ठेवला. फाडायची हिंमत झाली नाही.

एकसष्ट म्हणजे फर्स्ट डिव्हिजन! सेठजींनी कागद वाचून मला मिठीच मारली. मला वाटलं होतं की ते कागद फायलीत ठेवतील आणि विषय संपेल. सेठजी व्यापारी माणूस. पंधरा दिवसांनी पार्कला वर्ष पूर्ण होत होतं. त्यांनी जाहीर कार्यक्रम ठेवला, मंडप घातला, आणि मास्टरजींच्या हाती शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. निमंत्रण द्यायला ते स्वतः माधव नगरात सरांकडे गेले. हे सगळं मला नंतर कळलं. सर म्हणाले, "तुझा सेठ चांगला माणूस निघाला रे. एकेचाळीस मिळूनही सत्कार करतोय. असा विद्यार्थी मी बघितला नाही." मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, सर."

कार्यक्रम सकाळी अकराचा. सर इस्त्रीचा कोट घालून आले. फाटकावर कापडी फलक लावलेला होता: 'उज्जैन का फ़र्स्ट डिवीज़न पार्क'. सर फलकाखाली थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही, आत गेले आणि मंचावरच्या खुर्चीत जाऊन बसले.

मंडपात दीड-दोनशे माणसं. त्यांतले निम्मे सरांचे विद्यार्थी. कोणी वकील, कोणी कापडवाले, कोणी बँकेतले. सेठजींनी माईक घेतला आणि एकेक विषय वाचून दाखवायला सुरुवात केली. "झूले, सत्रह!" टाळ्या. "सफ़ाई, ग्यारह! पानी, छह... इसमें सुधार करेंगे. छाँव और बैठक, चौदह!"

सर उठून उभे राहिले.

मी मंचाच्या पायऱ्यांपाशी उभा होतो. मला दिसत होतं पुढे काय होणार. ज्या माणसानं सख्ख्या बहिणीला एक मार्क दिला नाही, तो आता दोनशे माणसांसमोर माझ्याकडे बोट करणार. मला बाबा दिसले, भट्टीसमोर उभे, तोंडाला ओला पंचा बांधून.

"एक मिनिट, सेठजी," सर म्हणाले. त्यांनी कागद हातात घेतला, खालपर्यंत वाचला. मग माईकसमोर उभे राहून शांतपणे म्हणाले, "इसमें गलती है. चौथे में चार चाहिए, पाँचवें में तीन. टोटल इकतालीस. नंबर चढ़ाने में और जोड़ने में मुझसे गलती हो गई. मेरी गलती है. माफ़ करें."

मला आपण काय ऐकलं ते कळेना. सर, ज्यांची बेरीज उभ्या नोकरीत चुकली नव्हती, ते आपल्याच विद्यार्थ्यांसमोर सांगत होते की आपली बेरीज चुकली.

सेठजींचा चेहरा पडला होता. सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "घबराइए मत. तैंतीस पे पास होते हैं. आप पास हैं." मागून कोणीतरी हसलं, मग सगळा मंडप हसला, आणि सेठजींना हसण्यावाचून इलाज उरला नाही. शाल घालताना ते म्हणाले, "मास्टरजी, उमर हो गई आपकी!" पुन्हा हशा. सरांनी शाल घेतली, नारळ घेतला, वाकून नमस्कार केला.

जाताना ते माझ्याजवळून गेले. मी "सर" म्हणालो. ते थांबले नाहीत.

दुपारी सेठजींनी मला बोलावलं. मी राजीनामा मनात लिहूनच आत गेलो. ते म्हणाले, "तेरी क्या गलती? बूढ़े की है." आणि नोकरी पक्की झाल्याचा कागद समोर ठेवला. मी सही केली. खरं काय ते तेव्हा सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

पुढचे काही आठवडे गावात तोच विषय होता. टावर चौकात सर पोहेवाल्याकडे गेले की कोणीतरी जुना विद्यार्थी लाडानं विचारायचा, "सर, दो और दो?" सर म्हणायचे, "देख लो भई, तुम ही जोड़ लो." लोक हसायचे. मी शेजारी प्लेट धरून उभा असायचो.

नोकरी पक्की झाली म्हणून बाबांनी पुन्हा पेढे पाठवले. मी सरांकडे घेऊन गेलो. खरं म्हणजे सगळं कबूल करायलाच गेलो होतो. त्यांनी एक पेढा उचलला, सावकाश खाल्ला. मी वाट बघत होतो.

"छान झालेत," ते म्हणाले.

"किती, सर?"

"छान आहेत रे. बाबांना सांग."

त्या एका वाक्यानं मी घाबरलो. मंडपातही एवढा घाबरलो नव्हतो. मग लक्षात आलं, तीन सोमवार झाले होते आणि माझ्या दारावर कागद नव्हता. दाढीचे मार्क नव्हते, पोह्यांचे नव्हते. कबूल करायचं राहूनच गेलं. मी डबा घेऊन वर आलो.

सेठजींनी एक गोष्ट मात्र केली. हसं झालं तरी माणूस व्यापारी होता. चौथा आणि पाचवा विषय त्यांच्या डोक्यात बसला. पिवळी रेघ पुसली. पाळण्याखाली पत्र्याची शेड आणि सिमेंटची बाकं झाली. म्हाताऱ्यांना फुकट प्रवेश. बाजूला कडुनिंबाची चार रोपं लावली. पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडेही बाकांवर डबे उघडायला लागले.

अशाच एका रविवारी सकाळी, लोक यायच्या आधी, पाळणा एकदा फिरवून बघायचा म्हणून मी एकटाच बसलो होतो. पाळणा वर गेला. दूरवर सोयाबीनची शेतं, रस्ता, टेम्पो. नेहमीसारखीच भीती वाटली आणि मी खाली बघितलं. शेडमध्ये सर उभे होते. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. या वेळी पाळण्याकडे पाठ नव्हती. मी पुढच्या फेरीला खाली आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. मीही केला. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला केला.

उतरून मी धावत त्यांच्याजवळ गेलो. "सर, तो कागद..."

"शेड बुटकी आहे," ते म्हणाले. "पत्रा तापतो. रोपं मोठी व्हायला वेळ लागेल." त्यांनी पेन्सिल काढली. "सावली आणि बैठक, अकरा." आणि कागदाचा तो तुकडा माझ्या खिशात घालून बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. माझ्या दारावर लिहिलेलं होतं: 'खोली ४०. अंथरूण अजून घडी नाही.'

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. ती चार झाडं आता पाळण्याएवढी उंच झाली आहेत. गावात त्यांची आठवण निघाली की आजही कोणीतरी हसून म्हणतं, "वही ना, जिनका टोटल गलत हुआ था?" आणि मीही इतकी वर्षं त्या हसण्यात सामील झालो आहे. मूळ कागद माझ्याकडे आहे, लाल पेन्सिलीचा, माझ्या हातानं घडी घातलेला. त्यावर वरपासून खाली असं लिहिलेलं आहे: सतरा, अकरा, सहा, चार, तीन. खाली एकेचाळीस.

ज्यांना शंका असेल त्यांनी करून बघावी. सरांची बेरीज बरोबर होती.